फिकी रेष

परीक्षा केंद्राच्या दारात गार्गीला केसांतला चाप काढून ठेवायला लावला, ओढणी झटकून दाखवायला लावली, आणि मग तपासणीच्या बाईंचा हात तिच्या दंडावरच्या पंपापाशी थांबला.

“हे काय?”

“इन्सुलिनचा पंप. परवानगी आहे,” गार्गी म्हणाली.

तिच्यामागे दोरीला खेटून उभ्या असलेल्या प्रणिताने परवानगीचा कागद लगेच उंच धरला. “मॅडम, सगळं रीतसर आहे. ग्लुकोजच्या गोळ्यासुद्धा पारदर्शक पिशवीत आहेत. खाली सही-शिक्का बघा.”

“मम्मी, मी दाखवते ना,” गार्गी हळूच म्हणाली.

बाईंनी एक छोटं यंत्र पंपाला टेकवलं. परीक्षेच्या दालनात कोणत्याही उपकरणाने बाहेर काही पाठवायचं नाही, असा नियम होता. उपकरणाने थरथरायचंही नाही, कारण थरथर म्हणजे कुणीतरी कळवलेलं उत्तर असू शकतं. पंप आत आपलं काम करत राहणार होता, फक्त मुक्याने.

गार्गी आत गेली. मेडिकलच्या प्रवेशासाठी तिची ही दुसरी खेप होती आणि घरात सगळ्यांनी तीच शेवटची धरली होती. प्रणिताच्या फोनवर तिच्या साखरेची गडद रेष तिथेच तुटली. तुटलेल्या टोकातून एक फिकी रेष निघाली आणि सावकाश पुढे सरकू लागली.

लातूरच्या त्या भागात प्रणितासारख्या आयांनी गल्ल्या भरलेल्या होत्या. नवरा गावी, आई लेकराबरोबर इथे. एक खोली, एक शेगडी, एक अभ्यासाचं टेबल. त्या एकमेकींना नावाने ओळखत नसत. उदगीरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी प्रणिता बिराजदार बिनपगारी रजा घेऊन इथे आली आणि ‘गार्गीची मम्मी’ झाली. रात्री नवऱ्याचा, संगमेशचा फोन आला की तोही आधी विचारायचा, “साखर किती आहे?” मग, “अभ्यास?” आणि आठवलंच तर, “तू कशी आहेस?”

गार्गी प्राथमिक शाळेत असताना तिच्याच शरीराच्या संरक्षक पेशींनी तिच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. तेव्हापासून इन्सुलिन बाहेरून द्यावं लागलं, आणि त्या पहिल्या वर्षांत ते कमीजास्त होऊन तिची साखर इतक्या वेळा खाली गेली की शरीराने सूचना देणंच सोडून दिलं. साखर उतरली की इतरांचे हात कापतात, घाम फुटतो. गार्गीला काहीच होत नसे. ती बोलता बोलता मंद हसायची आणि मग उत्तर देईनाशी व्हायची.

म्हणून सावली घेतली. इन्सुलिनचे पंप तसे जुनेच, त्यातली सावली नवी. त्वचेखालचा संवेदक जी साखर मोजतो ती रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असते. टोचलेलं इन्सुलिन कामाला लागायला त्याहूनही वेळ लागतो. म्हणजे मोजून मग मात्रा द्यायची तर ती नेहमी उशिराच पोचणार. उपाय एकच, आधी ओळखायचं. नव्या पंपात त्या त्या माणसाच्या शरीराचं एक गणिती प्रतिरूप असे. नाडी, झोप, जेवणाच्या वेळा, अंगाचं तापमान यांवरून ते शिकत जाई आणि खऱ्या शरीराच्या थोडं पुढे चाले. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. घरात सगळे सावली म्हणत.

“तिला कारणं कळत नाहीत बरं का,” डॉक्टर देवणीकर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “कशामागून काय येतं, एवढंच तिला कळतं. शाळेची घंटा झाली की साखर चढते, हे ती शिकेल. डबा नावाची वस्तू असते, हे तिला कधीच कळणार नाही.”

भीतीनेही साखर चढते, हेसुद्धा मॅडमनी सांगितलं होतं. प्रणिता ते स्वतःच वर्गात शिकवायची. भीती वाटली की ॲड्रिनलिन सुटतं आणि यकृत आपला साठा रक्तात ओततं, पळून जायला बळ मिळावं म्हणून. पळायला जागा असो वा नसो. साखर उतरल्यावर गार्गीचं ॲड्रिनलिन जागं होत नसे. घाबरल्यावर मात्र ते कुणाही धडधाकट माणसासारखं सुटे.

सावलीने दोन वर्षं चोख काम केलं. या दोन वर्षांत प्रणिताला त्या रेषेवरून लेक वाचायची सवय लागली. गार्गी मैत्रिणीशी भांडली, जेवण टाकलं, रडली, हे तिने सांगायच्या आधी फोन सांगायचा. “तू माझ्याशी बोलतेस की रेषेशी?” असं गार्गीने एकदा विचारलं होतं. तेव्हा प्रणिता हसली होती.

केंद्रासमोर आयांसाठी मांडव घातला होता. उन्हाने कापड तापलं होतं. शेजारच्या खोलीतली नसीम तिच्याजवळ सरकून बसली. तिचा मुलगा अयान त्याच दालनात होता.

“किती बघायलीस त्या फोनात, गार्गीची मम्मी? लेकरू आत गेलंय. फोनात नाही गेलं.”

“सवय झालीय हो.”

“माझा अयान आत काय करायलाय, मला तर काहीच दिसत नाही. बरंच आहे की. दिसलं असतं तर मीच खुर्चीत जाऊन बसले असते.” नसीमने पाण्याची बाटली पुढे केली. “घे. ओठ बघ कसे वाळलेत. पेपर तुझा आहे का तिचा?”

प्रणिताने घोट घेतला. फिकी रेष एकशेपाचवर होती. दालनात जाईपर्यंतची खरी माहिती घेऊन सावली पुढचं चित्र काढत होती. परीक्षेत गार्गीची रेष नेहमी सपाट असे. भीतीने साखर चढू पाहायची, सावलीने आधीच दिलेलं इन्सुलिन तिला दाबून धरायचं. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी दार ढकलावं तसं. दार हलत नसे.

आज रेष हलत होती. शंभर. मग पंच्याण्णव. प्रणिताने फोन खालीवर केला, पुसला. रेषेचा उतार तसाच राहिला. तिने बोटाने पुढची वेळ ओढून पाहिली. सावलीच्या हिशेबाने पेपर अर्धा व्हायच्या आत साखर सत्तरच्या खाली जाणार होती आणि तिथेही थांबणार नव्हती.

ती उठून दाराशी गेली. तिथले केंद्राधिकारी वयस्कर होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन नीट पाहिला.

“ही आत्ताची साखर आहे का, ताई?”

“नाही. अंदाज आहे. पण बरोबर असतो.”

“बरोबर असतो म्हणजे अंदाजच की. तुम्ही लिहून द्या, मी आत्ता डॉक्टर आत पाठवतो. माझी ना नाही. पण तिला एकदा जागेवरून उठवलं की पेपर तिथेच बंद. परत चालू करता येत नाही, नियम आहे. मग ती ठणठणीत निघाली तर?”

“तिच्या जवळच्या गोळ्या खा, एवढाच निरोप द्या.”

“निरोपच तर देता येत नाही. बाहेरचा एक शब्द आत गेला की तेच झालं.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “बघा, ठरवा. मी इथंच आहे.”

प्रणिताने देवणीकर मॅडमना फोन लावला. मॅडमनी त्यांच्याकडच्या पडद्यावर नोंदी उघडल्या. मागे दवाखान्यातला पंखा ऐकू येत होता.

“दाराशीच मोठी मात्रा दिलेली दिसतेय,” त्या म्हणाल्या. “जेवणाची नाही. ताणाची आहे. आता परीक्षा सुरू होणार, साखर चढणार, म्हणून सावलीने आधीच देऊन ठेवलीय.”

“मग चढत का नाही?”

“आत जातानाची नाडी बघितलीत का? एकदम शांत आहे. ती घाबरलेलीच नाही, प्रणिताताई. भीतीसाठी दिलेलं इन्सुलिन आहे, आणि भीती नाही. पंपाने आता पुढचं बंद केलं असेल, पण जे आत गेलंय ते काही परत काढता येत नाही.”

“परीक्षेला न घाबरायला काय झालं तिला? प्रत्येक वेळी घाबरते.”

मॅडमनी आणखी मागच्या नोंदी चाळल्या. मग म्हणाल्या, “प्रत्येक वेळी नाही. मी गेल्या वर्षभराचं बघतेय. क्लासमधल्या परीक्षांना सावली अशी मात्रा देतच नाही, कारण तिथे साखर चढत नाही. घरी जी सराव परीक्षा होते ना, तिथे चढते. दर वेळी. घरी तिच्याजवळ कोण बसतं?”

“मी.”

“हं.”

“मी काही बोलत नाही तिला. तांदूळ निवडत बसते.”

“मला कल्पना आहे. आणि सावलीला तुम्ही माहीतच नाही. जोडलेला फोन जवळ आहे, एवढंच तिला कळतं. फोन जवळ आणि परीक्षा, की साखर चढते. आज दाराशी तुमचा फोन अगदी जवळ होता. मग मुलगी आत गेली आणि फोन बाहेर राहिला.”

प्रणिता मांडवाच्या खांबाला टेकली. दर रविवारी ती गार्गीसमोर परात घेऊन बसायची. उत्तरं शेजारी उघडी असत. गार्गीची खूण चुकीच्या पर्यायावर गेली की परातीतलं तिचं बोट आपोआप थांबायचं. तेवढंच. बोलून लेकीचा जीव घाबरा करायचा नाही, हे तिने पहिल्यापासून ठरवलेलं होतं.

“म्हणजे ती मला घाबरते,” ती म्हणाली.

“मी असं म्हटलेलं नाही. माझं ऐकाल तर आत्ताच थांबवा पेपर.”

“आणि अंदाज चुकला असेल तर?”

“तर वर्ष गेलं. पण मुलगी आहे.” मॅडमचा आवाज उतरला. “साठच्या खाली रेष गेली तर मात्र विचार करत बसू नका.”

फोन ठेवला तेव्हा रेष बहात्तरवर होती. प्रणिता दाराकडे निघाली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी न थांबता पुढे गेली. केंद्राच्या मागच्या बाजूने एक बोळ होता. सकाळी सगळ्या आयांनी मिळून कोणतं दालन कुठे आहे ते पाहून ठेवलं होतं. बोळाच्या कडेला तारेची जाळी, जाळीपलीकडे बोरीची दोन झुडपं आणि लगेच दालनाच्या काचा.

गार्गी खिडकीच्या रांगेत होती. पडद्याचा निळसर उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. हात माउसवर होता आणि हलत नव्हता. चेहरा शांत होता. इतका शांत चेहरा प्रणिताने त्या एका खोलीत कधीच पाहिला नव्हता. कपाळावर आठी नाही, ओठ दातांत नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसू होतं. पुढच्या टेबलावरचा अयान खाली वाकून भराभर काम करत होता, आणि गार्गी पडद्याकडे अशी बघत होती की जणू तिथे तळं आहे.

गोळ्यांची पिशवी तिच्या कोपराजवळ होती. न उघडलेली.

प्रणिताला वाटलं, ही एक तर फार सुखात आहे, नाही तर जाऊ लागली आहे. दोन्हींचा चेहरा एकच दिसतो, हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

हाक मारली तर पेपर संपणार होता. ती जाळीला दोन्ही हातांनी धरून नुसती उभी राहिली.

गार्गीने मान वर केली. का केली, कुणास ठाऊक. तिची नजर काचेवरून सरकली, पुढे गेली, परत आली आणि थांबली. आधी त्या डोळ्यांत ओळख नव्हती. मग ती हळूहळू वर आली, पाण्यातून काही वर येतं तशी. आणि ओळखीच्या मागोमाग दुसरंही आलं. खांदे उचलले गेले. मान आत ओढली गेली. हसू होतं तिथे दात रुतले.

तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिने आईच्या हाताकडे पाहिलं.

हात जाळीवर होता. थांबलेला.

प्रणिताला कळलं, पण फार उशिरा. तिने बोटं हलवली, घाईघाईने, वेड्यासारखी, तारेवरून तांदूळ निवडल्यासारखी. गार्गी तोवर पडद्याकडे वळली होती. तिचा हात आता चालत होता. ती मागच्या प्रश्नांवर जात होती.

“ओ ताई, इथं थांबता येत नाही,” मागून एक पोलीस म्हणाला.

“कुणाशी बोलत नाही मी. मुलगी आजारी आहे. नुसती उभी राहते.”

त्याने काचेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो झाडाखाली जाऊन बसला. तिथूनच तो तिच्यावर नजर ठेवून राहिला.

फोनवर रेष साठवर आली. मग छप्पन्न. रेषेच्या कडेला लाल पट्टा उमटला. सावलीच्या हिशेबात इथे कुणी जाळीपाशी आलेलंच नव्हतं. तिच्या हिशेबातली गार्गी आता शुद्ध हरपत होती. काचेमागची गार्गी ताठ बसली होती, ओठ चावत होती, मध्येच तिने पिशवी फाडून एक गोळी तोंडात टाकली, परीक्षेत मुलं पेन्सिल चावतात तशी, न बघता. प्रणिताने फोन पालथा करून पदराखाली धरला. दोन मुलींपैकी एकीवर विश्वास ठेवायचा होता.

तिथून हलता येत नव्हतं. ती गेली तर भीतीही जाईल. उरलेला सगळा वेळ ती उन्हात उभी राहिली, लेकीला दिसेल अशी. मधूनमधून गार्गी चोरून पाही. प्रत्येक वेळी तिचे खांदे थोडे आणखी वर जात. प्रणिता मनात म्हणत होती, अजून थोडं घाबर, बाळा. अजून थोडं.

पेपर सुटला. मुलं दारातून लोंढ्यासारखी बाहेर आली. नसीमने अयानचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याला काहीही न विचारता केळं सोलून दिलं.

गार्गी बाहेर आली तेव्हा तिच्या पंपाची मुस्कटदाबी संपली होती. प्रणिताच्या फोनवर मधल्या वेळेची खरी रेष एकदम उमटली. ती फिक्या रेषेवरून जशीच्या तशी खाली उतरली होती, तंतोतंत, साठच्या काठापर्यंत. तिथून ती उभी वर गेली होती. एवढ्या चढाला एक गोळी पुरली नसती, आणि गोळी तर त्यानंतरची होती.

“तू खिडकीपाशी का आली होतीस?” गार्गीने विचारलं.

“सावलीत साखर खाली दिसत होती.”

“मग हाक मारायचीस.”

“पेपर थांबवला असता त्यांनी.”

गार्गीने यावर विचार केला. केस पुन्हा बांधले. “मला छान वाटत होतं, मम्मी,” ती म्हणाली. “आधी. सगळं सोपं वाटत होतं. मग तू दिसलीस. तुझा हात थांबलेला होता.”

“गार्गी, मला आतलं काही दिसत नव्हतं. कुठला प्रश्न, काय, काहीच नाही.”

“मला कुठे माहीत होतं? मी उत्तरं बदलली.”

“किती?” हा शब्द प्रणिताच्या जिभेवर आला. फोन तिच्या हातातच होता. गडद रेष चढत होती, आणि तिच्या पुढे काढलेली फिकी रेष त्याहून उंच जात होती. प्रणिताने तोंड मिटलं.

“चल, घरी जाऊ,” ती म्हणाली.

दोघी रस्त्याला लागल्या. गार्गी पुढे, प्रणिता मागे. चौकात गर्दी होती, रिक्षा आडव्या आल्या आणि दोघींमध्ये अंतर पडलं. प्रणिताने सवयीने खाली पाहिलं. फिकी रेष उतरत होती. सावकाश, सुरेख, मॅडमनी फळ्यावर काढून दाखवली होती तशी. प्रणिताने चाल मंदावली. अंतर वाढलं. एका जागी येऊन रेष आडवी झाली आणि तशीच चालू लागली, एकही टेंगूळ नाही. पुढे लेकीच्या पाठीवर वेणी मोकळेपणाने हलत होती.

दवाखान्याच्या वळणावर गार्गी थांबली. मागे वळली आणि आईची वाट बघत उभी राहिली. चेहऱ्यावर काही राग नव्हता. हाताने तिने ‘ये ना’ अशी खूण केली.

प्रणिताने अजून पाऊल उचललं नव्हतं. फोनवरची फिकी रेष वर निघाली होती.

“तू हो पुढे,” तिने ओरडून सांगितलं. “मी येतेच.”

“काय आणायचंय का?”

“काही नाही. तू चल. दिसतेस मला.”

गार्गीने खांदे उडवले आणि ती वळली. फिकी रेष विरून आडवी झाली. प्रणिताने तिला दोन दुकानं पुढे जाऊ दिलं, मग आणखी एक. मग ती तेवढंच अंतर राखून मागून चालू लागली.